सोवळ्याबाहेरची बरणी

चिनी मातीची बरणी म्हणतात मला, पण मित्रांनो, चीन मी कधी पाहिलेला नाही. माझा जन्म विलायतेतल्या एका भट्टीत झाला. मी वरून तपकिरी, खालून पांढरट आणि आता ओठावर एक टवका उडालेली. सध्या माझा मुक्काम डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे आणि माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे आहेत. माझी काही तक्रार नाही. चिमटे आंबत नाहीत, नासत नाहीत. पण याच पोटात एकदा एका सुनेची अब्रू सांभाळून ठेवली होती. ती गोष्ट सांगते, कपडे वाळेपर्यंत वेळ आहे.

भट्टीतून निघताना माझ्या अंगावर झिलई चढली होती. ही झिलई हीच माझी सगळी मिळकत. आंबट, खारट, तिखट काहीही माझ्यात भरा. ते मला लागत नाही आणि मी त्याला लागत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

मी संत्र्याचा मुरंबा पोटात घेऊन बोटीने मुंबईला आले आणि तिथून आगगाडीने कल्याणला. ही गेल्याच्या गेल्या शतकातली गोष्ट. कल्याणला तेव्हा गाड्यांचं मोठं जंक्शन झालं होतं आणि इंजिन चालवणारे गोरे साहेब तिथे बंगल्यांत राहत. त्यांतल्या एका साहेबाने माझा मुरंबा खाल्ला. पुढे त्याची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला आणि मी विठ्ठलरावांच्या वाट्याला आले. विठ्ठलराव मालधक्क्याच्या कचेरीत कारकून होते. माझ्याबरोबर त्यांनी साहेबाच्या बागेतल्या बियांची एक पुडीही आणली.

विठ्ठलरावांचं घर पारनाक्याजवळ होतं. घरात चार माणसं. विठ्ठलराव, त्यांची बायको द्वारका, त्यांचे वडील भाऊ आणि भाऊंची विधवा बहीण रखमाबाई. भाऊंनी उभा जन्म शाळेत मुलं शिकवली होती. रखमाबाईंना सगळे आत्याबाई म्हणत. सासू हयात नव्हती, त्यामुळे घरात हुकूम आत्याबाईंचा चाले. सोवळ्याच्या बाबतीत त्या इतक्या कडक की मांजरसुद्धा त्यांच्या स्वयंपाकघरात शिरताना दोनदा विचार करी.

मला पाहताच त्यांनी पदर नाकाला लावला.

"साहेबाच्या घरची? हिच्यात काय काय भरलं असेल कुणाला ठाऊक! घरात आणायची नाही, विठ्ठल. परसात ठेव."

"आत्या, मुरंबा होता मुरंबा."

"त्यांचा मुरंबा त्यांना लखलाभ."

तर माझी रवानगी परसात, गोठ्याच्या भिंतीशी झाली. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. इतके समुद्र ओलांडून आले आणि एक उंबरठा ओलांडता येईना.

परसात माझी द्वारकेशी ओळख झाली. ही बाई बोलायची कमी, पण हात तिचे सारखे चालत. दसऱ्याच्या सुमाराला तिने त्या पुडीतलं बी लावलं. रोपं तरारली, त्यांना काठ्यांचा आधार दिला आणि पौषात त्यांना लाल फळं लागली. तुम्ही आज ज्यांना टोमॅटो म्हणता आणि ज्यांच्याशिवाय तुमची भेळ होत नाही, तीच ती. तेव्हा त्यांना विलायती वांगी म्हणत आणि आमच्या आळीत ती कुणी खात नसे. त्यांचा रंग पाहूनच लोकांच्या अंगावर काटा येई. चिरलं की मांसासारखं दिसतं, म्हणत. द्वारकाही ती केवळ शोभेची म्हणून पाही.

त्या साली भाऊंना हिवताप झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाताचा घास घशाखाली उतरेना. आत्याबाईंनी आमसुलाचं सार केलं, लिंबाचं केलं, ताकाची कढी केली. भाऊ मान फिरवत. हातापायांच्या काड्या झाल्या. एके दिवशी विठ्ठलराव म्हणाले, "आमच्या कचेरीतल्या साहेबाला ताप आला होता ना, तेव्हा त्याच्या घरी या फळांचा रस काढून देत. बरा झाला तो."

आत्याबाई म्हणाल्या, "तो साहेब आहे. त्याला दगडही पचेल."

पण भाऊच अंथरुणावरून हळू आवाजात म्हणाले, "करून तर बघू दे."

भावाचा शब्द आत्याबाईंना मोडवेना. परवानगी मिळाली, पण अटींसकट. रस स्वयंपाकघरात करायचा नाही. घरातलं एकही भांडं त्याला लावायचं नाही. परसात वेगळी चूल मांडायची, वेगळं मडकं घ्यायचं. द्वारकेने मुकाट्याने तीन दगड मांडले आणि कुंभाराकडचं नवं मडकं आणवलं.

मी समोरच होते, त्यामुळे सगळं पाहिलं. फळं धुऊन, देठ काढून ती विळीवर चिरी. थोड्या पाण्यात मऊ शिजवी. मग पातळ धुवट फडक्यातून चोळून गाळी, म्हणजे साली आणि बिया वर राहत आणि खाली दाट लाल रस उतरे. तो पुन्हा चुलीवर ठेवून त्यात मीठ, गुळाचा बारीक खडा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाली. वासाने शेवंती काम टाकून बघायला येई. शेवंती म्हणजे गोठ्यातलं शेणघाण काढणारी, खाडीकडच्या गावातली बाई.

पहिल्या दिवशी भाऊंनी एक घोट घेतला. थांबले. मग सगळी वाटी संपवली आणि म्हणाले, "भात आहे का थोडा?"

द्वारका पदराने डोळे पुसत परसात आली. आत्याबाईंनी भाताची मूद भलतीच मोठी वाढली होती म्हणे.

रोज सकाळी ताजा रस होऊ लागला. भाऊ उठून बसले, मग ओटीवर येऊ लागले. पण द्वारकेच्या मनात वेगळीच काळजी होती. फाल्गुनात झाडं वाळली की काय द्यायचं? तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या गळ्याभोवती जुन्या मेणाचा थर अजून चिकटून होता. त्याच्यावर तिने नख फिरवलं आणि तिला कळलं की साहेबाच्या देशात मुरंबा असाच बंद करून पाठवतात. मला तिने राखेने घासलं, गरम पाण्याने आतबाहेर धुतलं, उन्हात वाळवलं. भरायच्या आधी कोमट पाण्यात बसवून तापवलं, नाहीतर उकळता रस पडताच मी तडकले असते. मग मडक्यातला कढता रस काठोकाठ ओतला, झाकण दाबलं, वर फडकं बांधलं आणि त्यावर वितळलेलं मेण ओतलं. परसातल्या रांजणाखाली ओली वाळू असे, तिथे मला गळ्यापर्यंत पुरून ठेवलं. मित्रांनो, इतक्या दिवसांत प्रथमच मी कुणाच्या उपयोगी पडले होते.

आता मुख्य गोष्ट सांगते.

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी मडक्याला चीर गेली. कुंभार यात्रेला गेला होता, नवं मडकं मिळेना. द्वारकेने भीत भीत स्वयंपाकघरातलं एखादं पातेलं मागितलं. आत्याबाईंनी ठाम नकार दिला. पण भाऊंचा रस तर बंद पडायला नको. आत्याबाईंनीच माळ्यावरून एक जुनं पितळी पातेलं काढलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. "हे घे. बाहेरच्या कामाला हेच चांगलं."

ते पातेलं माझ्या शेजारी येऊन बसलं. बिचारं एके काळी लग्नकार्यात मिरवलेलं, पण त्याच्या आतली कल्हई केव्हाच उडाली होती. कल्हई म्हणजे पितळेच्या आत दिलेला कथलाचा पांढरा लेप. तो असला की पितळ आंबटाला शिवत नाही. तो गेला की आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि विष होतो. हे आळीतल्या लहान पोरींनाही ठाऊक होतं. आत्याबाई तर सार आणि ताकाच्या भांड्यांची कल्हई डोळ्यांत तेल घालून जपत. पण हे पातेलं घरातलं नव्हतंच ना! त्याच्यात शिजणारी वस्तूही घरातली नव्हती. विलायती वांगी आंबट आहेत, त्यांनाही सारासारखंच भांडं लागेल, असा विचार कुणाच्या मनात आला नाही. बाहेरचं ते बाहेरचं, म्हणून साऱ्यांनी हात झटकले. द्वारकेनेही मिळालं यातच समाधान मानलं.

त्यातून रथसप्तमी आली. त्या दिवशी परसात गोवऱ्यांवर सूर्याच्या नावाने दूध उतू घालतात. तिथे शेजारी विलायती वांग्यांची चूल पेटवायची नाही, असं आत्याबाईंनी बजावलं. म्हणून द्वारकेने रस आदल्या संध्याकाळीच केला आणि झाकून त्याच पातेल्यात ठेवला.

सकाळी भाऊंनी तो घेतला. "आज जरा तुरट लागतो," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने पोटात मुरडा उठला आणि उलट्या सुरू झाल्या. उतू गेलेलं दूध गोवऱ्यांवर तसंच करपलं. वैद्य आले, काढा दिला. दोन दिवस घराने श्वास रोखून काढले. भाऊ वाचले, पण पुन्हा अंथरुणाला खिळले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. "विलायती विष ते!" आत्याबाई कडाडल्या. झाडं मुळासकट उपटून उकिरड्यावर गेली. पातेलं उपडं करून गोठ्यामागे भिरकावलं, ते धुण्यापुरतंही कुणी हाती धरलं नाही. आणि द्वारकेला सांगण्यात आलं की यापुढे तिने स्वयंपाकघरात यायचं नाही, भाऊंना तिच्या हातचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. विठ्ठलराव आत्याबाईंसमोर मूग गिळून बसले. मला त्यांचा फार राग आला. फळाची शिफारस करणारे हेच.

माझ्याबद्दलही फर्मान सुटलं होतं.

"शेवंते, ती बरणी उचल आणि तळ्यात नेऊन टाक."

"टाकतंय ना, आत्याबाय."

आत्याबाई स्वतः मला शिवणार नव्हत्या, त्यामुळे मी कुठे गेले हे त्यांनी पाहिलंच नाही. शेवंतीने मला वाळूतून काढलं आणि सरपणाच्या ढिगामागे सावलीत सरकवलं. द्वारकेने पाहिलं, तेव्हा शेवंती हळूच म्हणाली, "वैनीबाय, कुनाला सांगू नका. पावसाच्या आदी घरी नेन. सुकी मासली ऱ्हाईल हिच्यात चांगली." अशा रीतीने सोवळं आणि सुकी मासळी या दोघांनी मिळून मला वाचवलं. माझं मेण शाबूत होतं.

द्वारका आता दिवसभर परसात असे. शेण, धुणं, सरपण. नावडतीचं मीठ अळणी, मग तिने काहीही केलं तरी ते उणंच. ती रडताना मी पाहिली नाही. फक्त कधीकधी स्वतःच्या तळहातांकडे बघत बसे.

चैत्र लागला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं. आळीतल्या साऱ्या बायका येणार, आंब्याची डाळ आणि पन्हं व्हायचं. कुंकू लावायला घरात सवाष्ण एकच, ती म्हणजे द्वारका. पण आत्याबाईंनी ठरवून टाकलं. "ठाण्याच्या सुमतीला निरोप धाडते. माझी भाची आहे, ती येऊन करेल सगळं. हिच्या हातचं पन्हं लोकांच्या लेकीसुनांना पाजू? उद्या काही झालं तर तोंड कुठे लपवायचं?"

म्हणजे स्वतःच्याच घरात, स्वतःच्या गौरीपुढे, दुसरीने यजमानीण व्हायचं आणि द्वारकेने परसात बसायचं. आळी विचारणारच, का? मग उत्तर पसरायला कितीसा वेळ? सासऱ्याला विष घालणारी सून, असं एकदा नाव पडलं की ते मरेपर्यंत पुसत नाही. त्या दिवशी मात्र द्वारकेच्या हातातली बादली सुटून पडली.

सणाआधी कल्हईवाला आळीत आला. आत्याबाईंनी घरातली भांडी काढून दिली आणि ती चिंचेने घासायचं काम द्वारकेकडे आलं. तेवढ्यात तिला गोठ्यामागचं उपडं पातेलं आठवलं. तिने ते सुलटं केलं आणि जागच्या जागी खाली बसली.

आत हिरवा थर चढला होता. तळापासून वर, बरोबर जिथपर्यंत त्या रात्री रस होता तिथपर्यंत. त्याच्या वर नुसतं मळकं पितळ. घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

ती उठली. सरपण बाजूला सारून तिने मला उचललं. एका हातात मी, एका हातात पातेलं, अशी ती सरळ मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत भाऊ भिंतीला टेकून बसले होते, विठ्ठलराव होते, आत्याबाई कैऱ्या किसत होत्या.

"ही बरणी इथे कशी?" आत्याबाई ओरडल्या.

द्वारकेने पातेलं पायाशी ठेवलं. परसातल्या विळीच्या टोकाने माझं मेण फोडलं, झाकण काढलं. मी स्वतःच धास्तावले होते. इतके दिवस झाले, उन्हाळा तापलेला, रस नासला असेल तर? पण झाकण निघालं आणि जिऱ्याचा तोच वास सुटला. लाल रंग जसाच्या तसा, माझी झिलई कामी आली होती.

"मामंजी, हा त्याच झाडांचा रस आहे," द्वारका म्हणाली. "मडक्यात केलेला. मी पिते."

"अगं, मरशील!" आत्याबाईंच्या हातातली कैरी घरंगळत गेली. "विठ्ठल, धर तिला!"

तोवर द्वारकेने वाटी भरून पिऊन टाकली होती. मग तिने तोंड पुसलं, पातेलं हिरवी बाजू दिसेल असं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत जाऊन राहिलेली भांडी घासायला बसली.

ती दुपार मी विसरणार नाही. विठ्ठलराव दर थोड्या वेळाने मागच्या दारात येत आणि घाम पुसत. भाऊ सारखे विचारत, "कशी आहे ती?" आणि ती आपली भांडी घासतेय, एकामागून एक, चिंच आणि राख. ऊन कललं. तिला काही झालं नाही.

मग आत्याबाई आल्या. विधवेचं लाल आलवण सावरत उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या आणि पातेल्यात डोकावल्या. एकदा बोट आत घालून हिरव्या थरावरून फिरवलं. सोवळ्यातल्या बाईने ओवळ्या भांड्याला हात लावला, पण त्या वेळी कुणी तसं म्हणालं नाही, त्या स्वतःही नाही.

"आमसुलाचं सार मी असल्या भांड्यात कधी ठेवलं असतं का गं?" त्या म्हणाल्या.

द्वारकेने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"जन्मात नाही. आणि हे भांडं माळ्यावरून मीच काढून दिलं. आत बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, बाहेरच्याला काय बघायचं!" त्यांनी हिरवं झालेलं बोट राखेत पुसलं. "माझ्या भावाला माझ्याच हाताने..."

"असू दे, आत्याबाई," द्वारका म्हणाली.

"असू दे कसं? दोन महिने मी तुला..." त्यांनी पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं.

आतून भाऊंचा आवाज आला, "त्या बरणीत काही उरलं आहे का? असेल तर मला द्या. सुनेच्या हातून द्या."

मित्रांनो, माझ्या पोटातला रस त्या संध्याकाळी संपला. भाऊंनी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याचा भाता परसात सुरू झाला. देवघरातली भांडी मांडलेली, पण आत्याबाईंनी ती बाजूला सारली आणि हिरवं पातेलं पुढे ढकललं. "आधी याला," एवढंच म्हणाल्या.

हळदीकुंकवाला ठाण्याहून सुमती आली, पण पाहुणी म्हणून. ओटीवर बांगड्यांची किणकिण, बायकांचं हसणं, अत्तराचा वास. कुंकू लावत होती द्वारका. मी परसात होते. मला काही त्या दिवशीही आत घेतलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, पुढेही कधी घेतलं नाही. माझ्याशेजारी कल्हई चढलेलं ते पातेलं चकाकत होतं. आणि मागच्या दाराच्या पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. विधवेने हळदीकुंकवाच्या जागी जायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. आजवर मला त्या फक्त बाहेर काढणाऱ्या वाटत होत्या. त्यांनाही कुणी तरी कधी तरी बाहेर बसवलं असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. परसदारी आम्ही तिघं बसलो होतो, बरणी, पातेलं आणि आत्याबाई.

तेवढ्यात द्वारका आतून आली. बायका ओटीवर तशाच ताटकळत होत्या, पण पन्ह्याचा पहिला पेला ती मागच्या दारी घेऊन आली होती. तिने तो आत्याबाईंपुढे धरला. आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पेला दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात संपवला.

"गूळ बरोबर झालाय," त्या म्हणाल्या. मग आलवणाच्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "यंदा दसऱ्याला ते बी लाव पुन्हा. आणि भांडं माझ्याकडून नीट बघून घेऊन जा."

पुढे कितीतरी हिवाळे मी त्या परसात लाल रसाने भरले. माणसं बदलली, घरं बदलली, मी हातोहात फिरत या खिडकीत आले. कपडे आता वाळले असतील, तेव्हा एकच मागणं मागते. एखाद्या वस्तूला, फळाला किंवा माणसाला तुम्हाला घरात घ्यायचं नसेल, तर तुमची मर्जी. पण म्हणून त्याच्यासाठी माळ्यावरचं उडालेल्या कल्हईचं भांडं काढू नका. आणि काढलंच, तर देण्यापूर्वी एकदा आत वाकून बघा.